गेल्या वर्षीची निळी शिंगं

माझा धंदा लोकांना हसवायचा आहे, पण माझं तोंड बघून हे कुणाला खरं वाटत नाही. नवा क्लायंट आला की आधी माझ्याकडं बघतो, मग टॅबमधल्या चित्रांकडं बघतो आणि जरा चाचरत विचारतो, "ही तुम्हीच काढलीत?" चष्मा लावून पेपर वाचणारी शेळी, पंगतीत मांडी घालून बसलेलं वांगं, हेल्मेट घालून अंडी उबवणारी कोंबडी. आमची बायको म्हणते, "ह्यांचं सगळं हसू त्या मशिनीत जातंय. घरात वाटीभर उरत न्हाई."

मलकापुरात हायवेच्या अलीकडं आमचं घर आहे. कितीतरी वर्षं मी एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करायचो. वाढदिवस, निवड आणि निधन, तिन्हीला तीच सोनेरी चौकट आणि त्याच गुलाबाच्या पाकळ्या. निधनाला फक्त पाकळ्यांचा रंग उडवायचा. डोळे आणि कंबर एकदमच बोलायला लागली तेव्हा दुकान सोडलं. लेकीनं तिचा जुना टॅब दिला, आणि केस पिकल्यावर मी बालवाडीतल्या पोरासारखी चित्रं काढायला बसलो. टी-शर्टवर छापायला गणपती मंडळं घेतात, गोव्याला निघालेली दोस्तमंडळी घेतात, एका हौशी आजोबांनी तर नातवाच्या बारशात वाटायला घेतली होती. शिवाय स्पर्धा असतात, सगळ्या मोबाईलवरच. ते एखादा विषय देतात, कुठकुठली माणसं चित्रं पाठवतात. मी नेमानं पाठवतो आणि नेमानं हरतो. निकालाच्या दिवशी बायको काही विचारत नाही, फक्त चहात साखर जरा जास्त घालते.

ह्या सगळ्यात माझं चाललेलं चित्र म्हणाल तर एकच. आक्काचा बैल.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कुंडलच्या पुढं एका गावात दिलेली. दाजी फौजेतनं रिटायर होऊन आलेले, ऊस आणि दोन म्हशी बघतात. नांगरटीला ट्रॅक्टर येतो, त्यामुळं बैलाची खरं तर गरजच नव्हती. पण तो बैल भाच्याचा होता. वासरू असतानाच त्याची आई गेली, तेव्हा भाच्यानं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं. पुढं भाचाही बापासारखा भरती झाला. जाताना आईबापाच्या पाया पडला, मग गोठ्यात जाऊन बैलाच्या वशिंडावर हात फिरवला आणि म्हणाला, "काय बी करा, पर ह्याला इकू नका." दाजी म्हणाले, "आईबापाची काळजी नगं करूस. बैलाची कर."

आमच्या भागात पोळा नसतो, बेंदूर असतो. आषाढात येतो. त्या दिवशी बैलाची शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी चारायची. शिंगांवरचा तो रंग मग वर्षभर राहतो, उन्हापावसानं फिका होत जातो आणि पुढच्या बेंदराला त्यावर नवा चढतो. गेल्या वर्षी भाच्याला बरोबर बेंदराची सुट्टी मिळाली होती. त्यानं स्वतः बसून शिंगांना निळा रंग लावला. मी मोबाईलवर भराभर फोटो काढले, घरी येऊन त्यावरनं चित्र केलं. गॉगल लावलेला, निळ्या शिंगांचा बैल, लग्नाच्या मांडवातल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसलाय. तो टी-शर्ट असा खपला की कराडच्या मंडईत एकदा माझ्या पुढं उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या पाठीवर मला आक्काचा बैल भेटला. मी त्या माणसाला म्हणालो, "हा आमच्या भाच्याचा बैल." तो दोन पावलं पुढं सरकला.

बैल गेला तो वैशाखात. सकाळी गावातल्या मंडळाच्या एका पोराचा फोन आला, "मामा, गेला वं आपला."

भिंतीला धरून विचारलं, "दाजी?"

"न्हाई वं. बैल. रातीपास्नं पोट फुगलं व्हतं. डॉक्टर येऊन गेलं, पर उपेग झाला न्हाई."

मला हायसं वाटलं. मग हायसं वाटलं म्हणून वाईट वाटलं. तोवर ते पोरगं पुढं बोलत होतं, "फ्लेक्स तुमीच करा. दुसऱ्याच्या हाताचा बरा न्हाई दिसायचा."

तर आयुष्यभर माणसांचे केले तसा त्या बैलाचा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स मी केला. बेंदराच्या फोटोंत एकच असा होता ज्यात तो नुसता उभा होता, समोर बघत. पाकळ्या लावल्या नाहीत. खाली 'शोकाकुल' लिहून दाजींच्या घरच्यांचं आणि मंडळाचं नाव टाकलं. जुन्या दुकानातच छापून घेतला, गुंडाळी गाडीला बांधली आणि ऊन डोक्यावर यायच्या आत गावी पोचलो.

विहिरीच्या बांधाला, लिंबाखाली जेसीबीनं खड्डा काढलेला होता. मिठाची पोती रिकामी होऊन पडली होती. माती ओढून झालेली. दाजी बांधावर टोपी हातात घेऊन बसले होते. आक्का घरात होती, बायका तिच्याभोवती. पोरांनी माझ्याकडनं फ्लेक्स घेतला, सोडला आणि दोन बांबूंवर ताणायला लागली. कुणी म्हणत होतं, दहाव्याला कीर्तन ठेवू. जिवाभावाच्या बैलाचा दहावा घालतात आमच्याकडं, त्यात नवल काही नाही.

दाजी उठले. फ्लेक्ससमोर जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "गुंडाळा."

"आबा, काय चुकलं का?" एका पोरानं विचारलं.

"चुकलं न्हाई. गुंडाळ. आन् मोबाईल खिशात घाला सगळ्यांनी. फोटू कुणी काढला आसंल तर पुसून टाका. ह्यातलं एक जरी वर गेलं तर माझ्याशी गाठ हाय."

वर म्हणजे भाच्याकडं. तो त्या वेळी फार उंचावरच्या बर्फातल्या पोस्टवर होता. आठवड्यातनं एकदा, रविवारी, फोन लागायचा. दिवाळीपर्यंत खाली येणं नव्हतं.

मी म्हटलं, "दाजी, आवं, कधीतरी सांगावंच लागणार की."

"सांगू की. आल्यावर." ते परत बांधावर बसले. "माझा बाप गेला तवा मला तार आली व्हती, पाव्हणं. रस्ता बंद. सुट्टी मंजूर, पर खाली उतरायचं कसं? बाप घरात गेला आन् मी बंदूक घिऊन बर्फात हुबा. माझं ध्यानच न्हवतं. पाय घसरला तर कळलं नसतं. त्या ड्युटीत मी मराय पायजे व्हतो, कसा न्हाई मेलो कुणास ठावं. त्ये पोराला नगं."

बैल आणि बाप ह्यांत फरक असतो, हे म्हणायला माझी जीभ वळली होती. दाजींच्या तोंडाकडं बघून ती परत सरळ केली.

गावानं शब्द पाळला. ज्या गावात कुणाची म्हैस व्याली तरी सकाळी पन्नास स्टेटस पडतात, त्या गावात एकानंही त्या बैलाचा फोटो ठेवला नाही. दहावा झाला नाही. कीर्तन राहिलं. दाजींना कुणी भेटायला आलं तर उसाबद्दल बोलून जायचं. फ्लेक्स चांगला जाड कापडाचा होता, तो फेकवेना, म्हणून दाजींनी कडब्याच्या गंजीवर घातला. छापील बाजू आत, पांढरी बाजू वर. पलीकडनं बघणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा असेल.

रविवार आला. मी काही तिथं नव्हतो, हे आक्कानं सांगितलेलं. भाच्यानं विचारलं, "बैल दाव की." आक्का म्हणाली, "रानात बांधलाय." पुढच्या रविवारी रेंज नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी गोठ्यात लाईट नव्हती, दुपारी. तो म्हणाला, "दुपारी लाईट कशाला लागती आई?" आक्कानं फोन हातातनं पडल्याचं निमित्त केलं आणि ठेवून दिला. मग मला लावला.

"तू काढ की रं काय तरी. तुझं त्ये हसायचं. त्याला म्हनंल, मामानं काढलंय, बग. तेवढ्यानं त्याचा रविवार निघंल."

असं माझं काम सुरू झालं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात नेमानं केलेली ऑर्डर तीच. दर आठवड्याला एक चित्र. बैल बशीतनं चहा पितोय आणि चहा गरम असल्यानं त्याचे ओठ चंबू झालेत. बैल फौजी कोट घालून सावधान उभा आहे आणि दाजी त्याला सॅल्यूट ठोकतायत. बैल आक्काच्या जात्यावर बसून मोबाईल बघतोय. खाली मी एखादी ओळ लिहायचो, 'चहात साखर कमी आहे, तक्रार केली आहे', असलं काहीबाही. भाचा हसून लोळणारे चेहरे पाठवायचा. त्याच्या सोबतचे पंजाबचे, बिहारचे, केरळचे जवान दर रविवारी विचारायला लागले, ह्या वेळी बैलानं काय केलं?

प्राणी काढताना मी शेवटी डोळ्यात एक पांढरा ठिपका ठेवतो. तो ठेवेपर्यंत चित्र मातीच्या खेळण्यासारखं असतं, ठिपका पडला की ते तुमच्याकडं बघायला लागतं. इतकी वर्षं तो ठिपका मी फोनवर बोलता बोलता ठेवत आलो. त्या बैलाचा ठेवताना मात्र मला उठून पाणी प्यावं लागायचं. बायको स्वयंपाकघरातनं म्हणायची, "झालं का जिवंत करून? जेवाय वाढते."

आक्का प्रत्येक चित्र बघायची. दाजी एकही बघत नव्हते. फोन चालू असताना मात्र मागच्या खाटेवर बसून मोठ्यांदा हसायचे. एकदा मी समोर होतो. आक्का भाच्याला सांगत होती, "काल लय माजला व्हता, म्हशीच्या पुढ्यातलं खाल्लं त्यानं." दाजी खो खो हसले. डोळे जमिनीकडं होते आणि हात खाटेच्या काठाला घट्ट. फोन बंद झाला तसं हसणं मधेच तोडल्यासारखं बंद झालं, आणि ते उठून म्हशींना पाणी दाखवायला गेले.

भाच्याच्याच आग्रहानं चहा पिणाऱ्या बैलाचं चित्र मी एका स्पर्धेला पाठवलं. आणि काय सांगावं, उत्तेजनार्थ आलं! कळवणाऱ्या संदेशात लिहिलं होतं की तुमच्या चित्रातला जिवंतपणा परीक्षकांना भावला. मी तो बायकोला वाचून दाखवला. तिनं चहा ठेवला, साखर घातली की नाही तिच्याही लक्षात राहिलं नाही. बिनसाखरेचाच प्यालो दोघं. पहिल्यांदा काहीतरी जिंकलो होतो आणि पेढे कुणाला द्यायचे ते सुचत नव्हतं.

असा आषाढ आला आणि बेंदूर येऊन गेला. मी मलकापूरला. आमच्या अपार्टमेंटमध्ये बेंदराला कुणी मातीचे बैल आणतं, कुणी आणत नाही. माझ्याकडं गणपतीच्या टी-शर्टांची गर्दी सुरू झाली होती, उंदराला ढोल गळ्यात घालून नाचवायचं काम अंगावर होतं. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आठवड्याचं चित्र पाठवलं. बैल छत्री धरून एस.टी.च्या थांब्यावर उभा आहे, शेजारी ट्रंक, खाली ओळ, 'पोस्टवर चाललोय, जागा धरा.' चांगलं जमलं होतं. माझं मलाच हसू आलं.

ह्या वेळी हसून लोळणारे चेहरे आले नाहीत. नुसता एक अंगठा आला. मी म्हटलं, रेंज नसेल.

त्यानंतर एक बरं झालं, भाच्यानं बैल दाखव म्हणायचं सोडून दिलं. आक्का म्हणाली, "तुझ्या चित्रांनी भागतंय बघ त्याचं." आम्हाला सुटल्यासारखं झालं. उलट त्यानं ऑर्डर दिली. सोबतच्या सगळ्यांना टी-शर्ट पाहिजेत, थांब्यावरच्या बैलाचे. पाठीवर काही लिहू नका म्हणाला, नुसता बैल. मी मापं मागवली, छापून घेतले, पार्सल केलं. एवढ्या वर हे पोचतं कसं, कोण जाणे, पण पोचलं. पुढं फोटोही आला. जाड कोटांच्या वर, बोजड दिसणारे, छातीवर माझा बैल घेतलेले जवान एका ओळीत उभे. कुणीच हसत नव्हतं. मी बायकोला म्हटलं, "फौजी लोक फोटोत हसत नाहीत." ती फोटो बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी बी न्हाई हसत. मग?"

दिवाळी होऊन गेल्यावर भाच्याची सुट्टी लागली. तो पुण्याहून बसनं येऊन मलकापुरात हायवेला उतरणार, तिथनं मी त्याला गाडीवर गावी न्यायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे आक्कानं ठरवलं. आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, "वाटंतच सांग त्याला. दारात येऊन रिकामी दावण बघाय नगं."

"आणि दाजी?"

"त्यांच्याच्यानं न्हाई हुयाचं. माझ्याच्यानं बी न्हाई. तू बोलण्यातला मानूस हाईस."

बोलण्यातला माणूस सकाळपासून आरशासमोर उभा राहून सुरुवात शोधत होता. 'हे बघ बाळ' म्हटलं तर लहान पोराला सांगितल्यासारखं. 'एक वाईट बातमी आहे' म्हटलं तर त्याला आईबापाचीच शंका येणार, जशी मला आली होती. बायको म्हणाली, "आधी जेवू घाला." मी म्हटलं, "जेवून झाल्यावर सांगितलं तर अन्न अंगी लागायचं नाही." ती म्हणाली, "मग उपाशी सांगा. पर सांगा."

बसमधनं भाचा उतरला. उन्हानं आणि बर्फानं काळा पडलेला, गाल बसलेले. पाया पडला. घरी चहा घेतला, मामीनं लावलेले प्रश्न सोडवले आणि आम्ही निघालो. मी गाडीवर पुढं, तो मागं, मधे त्याची भलीमोठी सॅक. गावं मागं पडत होती. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या, एकेकीला ओलांडून जायचं निमित्त काढून मी बोलणं पुढं ढकलत होतो. ही ट्रॉली गेली की सांगतो. हा चढ संपला की सांगतो.

कुंडल जवळ आलं तसं मागनं तोच म्हणाला, "मामा, कुठं पुरलाय?"

मी म्हटलं, "कोण?"

"मामा."

गाडी मी रस्त्याच्या कडेला घेतली, पण बंद केली नाही आणि मागं वळलोही नाही. म्हणालो, "विहिरीच्या बांधाला. लिंबाखाली."

"मीठ टाकलं व्हतं न्हवं?"

"पोत्यांनी टाकलं."

"आन् म्होरं? तरास झाला का लय?"

"एक रात्र."

मग मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं रं?"

"तुमीच की."

"मी?"

"बेंदराच्या आदी मी आईला म्हनलो व्हतो, औंदा गुलाबी लावा. बेंदरादिवशी शनिवार आसून बी नशिबानं फोन लागला. आई म्हनली, लावला गुलाबी, लय शोभतोय. पोळ्या किती खाल्ल्या त्ये बी सांगितलं. आन् दुसऱ्या दिवशी तुमचं चित्र आलं. शिंगं निळी. मी लावल्याला निळा, गेल्या वर्षीचा."

माझ्या टॅबवर शिंगं वेगळी ठेवलेली असतात. रंग बदलायला एकदा बोट टेकवायचं, झालं. गेल्या वर्षीच्या फोटोवरनं काम करत होतो आणि आषाढ उलटला हे त्या फोटोला माहीत नव्हतं. मला तरी कुठं होतं? मी उंदराच्या गळ्यात ढोल अडकवत होतो.

"मग बोलला का नाहीस रं?"

"कसं बोलनार? आई एवढं रंगून सांगत व्हती, कसा ढुशी मारत व्हता, कशी झूल पाडली. आन् मागं आबा हसत व्हतं. आबा असं हसत न्हाईत कवा. तवाच कळलं व्हतं, पर चित्र बघूस्तर मी म्हनत व्हतो, नसंल." त्यानं सॅक सावरली. "चला मामा. उशीर हुतोय."

दारात आक्का ताट घेऊन उभी होती. तिनं ओवाळलं, आणि त्याच्या खांद्यावरनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती म्हणजे सांगितलं अशी होती की सांगावं लागलं नाही अशी, ते मला ठरवता आलं नाही. भाचा सरळ गोठ्यात गेला. दावणीत म्हशींच्या बाजूला खुंटा तसाच होता, दावं गुंडाळून वर अडकवलेलं. त्यानं दाव्याला हात लावला नाही. परत येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आई, मला बेंदरापास्नं ठावं हाय."

आक्काच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मग ती पायरीवर बसली. "चित्रावरनं?"

"व्हय."

"मला बी दिसलं व्हतं," ती म्हणाली. "ह्यानं पाठवल्या पाठवल्या दिसलं. पाठवू नगं म्हणाय फोन उचलला, पर त्यानं आदीच तुला धाडलं व्हतं. पुढच्या येळंला तरी सांगायचं व्हतं, गुलाबी कर म्हनून." ती माझ्याकडं वळली. "पर मेल्याल्याची शिंगं रंगीव, असं तुला कसं सांगू रं?"

खाटेवरनं दाजी उठले. आत गेले. आतनं डबे सरकवल्याचा आवाज आला. परत आले ते हातात रंगाचा एक लहान डबा घेऊन. झाकण अजून उघडलेलं नव्हतं. गुलाबी.

आक्का म्हणाली, "ह्यो कवा आणला?"

"बेंदराच्या बाजारात गेलो व्हतो. हात गेला." दाजी म्हणाले. "घिऊन बसलो, मग ध्यानात आलं."

भाच्यानं डबा घेतला, ओट्याच्या कडेला ठेवला. नंतर तो उठून परड्यात गेला आणि गंजीवरच्या त्या पांढऱ्या फ्लेक्सचं एक टोक उचलून आत बघितलं. मी ह्या फ्लेक्सबद्दल त्याला काही सांगितलं नव्हतं. उलटे घातलेले फ्लेक्स आमच्याकडं गावभर असतात. त्याला काय वाटलं असेल, त्यालाच माहीत. त्यानं दगड काढले आणि फ्लेक्स ओढून अंगणात पसरला. पावसाळाभर कडब्यावर पडून पडून आतल्या बाजूला भुसकट चिकटलं होतं. आक्कानं पदरानं ते झाडलं. खालनं बैल वर आला. नुसता उभा, समोर बघत.

डब्याचं झाकण दाजींनी विळ्याच्या टोकानं उचकटलं. भाचा एक जुना ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसला आणि फोटोतल्या निळ्या शिंगावर गुलाबी लावायला लागला, बुडापासून टोकाकडं, जसा खऱ्या शिंगाला लावतात. मीही शेजारी बसलो. पिशवीत माझा टॅब होता. तो बाहेर काढावा असं एकदाही वाटलं नाही.

एक शिंग झाल्यावर त्यानं ब्रश दाजींपुढं धरला. "आबा, ह्ये तुमी."

दाजी म्हणाले, "माझा हात हालतोय रं."

"हालू द्या."

दाजींचा हात खरंच हलत होता. रंग शिंगाच्या बाहेर गेला आणि वरच्या 'भावपूर्ण'मधल्या पहिल्या अक्षरावर चढला. ते थांबले, पुसायला बोट पुढं केलं, तर जास्तच पसरला. मला सवयीनं वाटलं, दोन बोटं टेकवावीत, एक पाऊल मागं जावं. टॅबवर तसं केलं की शेवटची चूक पुसली जाते. दाजींनी गुलाबी बोट धोतराला पुसलं आणि मग रडले. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, ज्या तोंडानं ते रविवारी हसायचे त्याच तोंडानं. भाच्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं ब्रश घेऊन शिंगाचं राहिलेलं टोक पुरं केलं.

आक्का उठली. "डाळ घालते शिजत," म्हणाली. "फोनवर केल्याल्या पोळ्या एकदा खऱ्या करते."

अंधार पडायच्या आधी फ्लेक्स परत गंजीवर घालायला हवा होता, रात्री दहिवर पडून कडबा भिजायला लागला होता. भाच्यानं टोकं धरली आणि बापाकडं बघितलं. दाजी म्हणाले, "रंग वला हाय. वरच्या अंगाला ऱ्हाऊ दे."

मी मुक्कामाला राहिलो. सकाळी बांधावर पोळी ठेवून आलो तोवर गावानं गंजी बघितली होती. मंडळातला एकजण दारात येऊन भाच्याला भेटला, मग दाजींपाशी जाऊन उभा राहिला आणि विचारलं, "आबा, आता ठेवू का?"

दाजी म्हणाले, "ठेवा."

मलकापूरला परतताना खिशातला फोन वाजत होता, वाटेत दोनदा थांबून बघितला. वैशाखापासून दाबून धरलेली सगळ्या गावाची स्टेटस एकदम पडत होती. फ्लेक्सवरचा तो गंभीर फोटो फार थोड्यांनी ठेवला होता. बहुतेकांनी आक्काकडनं मागून घेतलेली माझी चित्रं लावली होती. गॉगलवाला, सावधान उभा राहिलेला, छत्री धरून एस.टी.ची वाट बघणारा. सगळ्यात जास्त ठिकाणी बशीतनं चहा पिणारा, ओठांचा चंबू करून. आणि त्याच्याखाली रडक्या चेहऱ्यांच्या रांगा.